गावाचे चित्र गावानेच घ्यावे



इतिहासावर बोलावयाचे तर अशा व्यासपीठावर प्राध्यापक येतात आणि चित्रपटावर बोलावयाचे तर कलावंत येतात. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नाही. आमचे शाळेतले शिक्षण लौकर थांबले. पुढचे जे काही झाले ते करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांवर आणि उद्यमनगरातल्या द्वारसभांत झाले. तीसएक वर्षे कामगारांची संघटना बांधण्यात गेली. अशा माणसाने आपल्या गावच्या बागा, तळी आणि टेकड्या यांच्या चित्रणाचा इतिहास सांगावयास उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल.

त्याचे कारण सांगतो. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला सार्वजनिक बाग नसली तरी चालते. दहा बाय बाराच्या खोलीत जी सहा माणसे राहतात, त्यांचे अंगण म्हणजे टाऊन हॉलची बाग, त्यांची गच्ची म्हणजे रंकाळ्याचा काठ आणि त्यांचे सभागृह म्हणजे पेठेतले मैदान. गावातली मोकळी जागा ही गरिबाची मिळकत आहे. फक्त तिचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. म्हणून ती जागा कशी होती, तेथे कोण बसत होते, तिची निगा कोण राखत होते, याची नोंद कोठेतरी राहिली पाहिजे. कॅमेरा अशी नोंद ठेवू शकतो. गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळात त्याने ती कशी ठेवली, कोणासाठी ठेवली आणि त्यातले किती आपल्या हाती उरले, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हलत्या चित्रांपैकी सर्वांत जुने म्हणून जे आज उपलब्ध आहे ते एका घरगुती बागेचे आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडातील लीड्स या गिरण्यांच्या शहरात लुई ल प्रिन्स नावाचा एक फ्रेंच गृहस्थ राहत असे. १४ ऑक्टोबर १८८८ रोजी त्याने आपल्या सासऱ्यांच्या घरच्या बागेत कॅमेरा मांडला. त्याचा मुलगा, सासूसासरे आणि ओळखीची एक तरुणी अशी चार माणसे हिरवळीवर हिंडताना त्याने टिपली. सारे चित्र जेमतेम दोन सेकंदांचे. पुढे दहाच दिवसांनी त्या सासूबाई वारल्या. म्हणजे ही कला जन्मली तेव्हाच तिचे मुख्य काम तिच्याकडून होऊन गेले होते. उद्या नसणारे माणूस आणि उद्या नसणारी जागा तिने धरून ठेवली. ल प्रिन्सने त्याच वर्षी लीड्सच्या पुलावरची रहदारीही टिपली. दोन वर्षांनी तो फ्रान्समध्ये आगगाडीत बसला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. परंतु त्याचा कॅमेरा पहिल्यांदा वळला तो राजवाड्याकडे वळला नाही. घरच्या बागेकडे आणि गावच्या पुलाकडे वळला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर सात वर्षांनी ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समधील लियाँ शहरात जे चित्र घेतले ते तर आम्हां कामगारांचेच आहे. ल्युमिएर हे स्वतः कारखानदार. छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा त्यांचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी आपल्याच कारखान्याच्या फाटकासमोर कॅमेरा ठेवला. फाटक उघडते, कामगार स्त्रिया लगबगीने बाहेर पडतात, मागून पुरुष येतात, कोणी सायकलवर आहे, मध्येच एक कुत्रा घुटमळतो. पाऊण-एक मिनिटात सारे संपते. हे चित्र तीन वेळा घेतले गेले. त्यांपैकी एका खेपेला कामगार रोजच्यापेक्षा नीटनेटक्या, ठेवणीतल्या पोशाखात दिसतात.

येथे आमच्यातला संघटक जागा होतो. मालकाने मालकाच्या फाटकावर मालकाचा कॅमेरा लावला, तर त्यात कामगार हसतमुख आणि स्वच्छ कपड्यांत दिसणार, हे उघड आहे. कामाचे तास किती, मजुरी किती, आत हवा कशी, हे त्या चित्रात नाही. तरीसुद्धा आम्ही त्या चित्राला मोल देतो. त्या स्त्रियांची नावे इतिहासात कोठे आली नसती. त्यांच्या चालण्याची लकब मात्र आज सव्वाशे वर्षांनंतरही जिवंत आहे. कॅमेरा कोणाच्या हाती आहे यावर काय दिसणार ते ठरते. परंतु कॅमेऱ्यासमोर जे येते त्यातले थोडेफार त्याच्या धन्याच्या इच्छेबाहेरचेही टिपले जाते. या दोन गोष्टी आपण पुढे पुन्हा पाहू.

हेच चित्र दुसऱ्या वर्षी मुंबईत आले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्या दिवशी दाखविलेल्या सहा चित्रांत आगगाडीचे आगमन होते, समुद्रस्नान होते आणि कारखान्याचे सुटणेही होते. पुढे नॉव्हेल्टी नाट्यगृहात खेळ सुरू झाले तेव्हा दर चार आण्यांपर्यंत खाली आले, आणि मग रुपया न परवडणाऱ्यालाही पडदा दिसू लागला.

हे खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी विलायतेतील रायली ब्रदर्स या पेढीकडून २१ गिनींना एक कॅमेरा मागविला. आता प्रश्न असा की, हिंदुस्थानच्या माणसाने पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतल्यावर तो कोठे न्यावा? त्यांनी तो मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमध्ये नेला. शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर १८८१ च्या सुमारास ही बाग तयार झाली होती. १८९९ साली तेथे पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावण्यात आली आणि सावेदादांनी ती टिपली. फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. पुढे त्यांनी माकडांचे खेळ करणाऱ्याचे चित्र घेतले, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागतही टिपले.

कुस्ती म्हटली की आम्हां कोल्हापूरकरांचे कान टवकारतात. परंतु कुस्तीइतकीच येथे बागही महत्त्वाची आहे. आपल्या देशातील माणसाने घेतलेले पहिले चलच्चित्र सार्वजनिक बागेत घेतले गेले. कारण व्यवहाराचे होते. त्या काळी विजेच्या दिव्यांवर चित्रण होत नसे. भरपूर ऊन लागे, मोकळी जागा लागे आणि प्रेक्षक जमले तर त्यांना उभे राहावयास जागा लागे. या तिन्ही गोष्टी फुकट मिळण्याचे ठिकाण बागेवाचून दुसरे कोणते? त्या दिवशी कडेला कोण उभे होते, झाडे किती उंच होती, माळी कोणत्या वेषात होता, हे त्या फितीत आपोआप आले असेल. दुर्दैवाने ती फीत आज उरलेली नाही. कुस्तीचे नाव राहिले, पैलवानांची नावे राहिली आणि बाग मात्र त्या चित्रातून गेली.

अशी फीत उरली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण पुन्हा इंग्लंडातच सापडते. लँकेशायरच्या ज्या गिरण्यांचे कापड एके काळी आपल्या बाजारपेठांत ओतले जात होते आणि ज्यावर स्वदेशीच्या चळवळीत बहिष्कार पडला, त्याच मुलखात ब्लॅकबर्न हे गाव आहे. तेथे सॅगर मिचेल आणि जेम्स केन्यन या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक निराळा धंदा चालविला. गावोगावच्या जत्रांत तंबू लावून खेळ करणारे लोक त्यांना काम सांगत. मग कॅमेरा गिरणीच्या फाटकावर, रस्त्यावर, मिरवणुकीत, फुटबॉलच्या मैदानावर लावायचा आणि थोड्याच वेळात ती फीत त्याच गावच्या तंबूत दाखवायची. स्थानिक लोकांसाठी स्थानिक चित्रपट, हीच त्यांची जाहिरात. पडद्यावर स्वतःला आणि शेजाऱ्याला ओळखण्यासाठी लोक पैसे मोजून येत.

हा धंदा पुढे बंद पडला आणि लोक त्याला विसरले. १९९४ साली ब्लॅकबर्नमधील एक जुने दुकान मोकळे करीत असता तेथल्या मजुरांना तळघरात धातूचे तीन मोठे डबे सापडले. त्यांत सुमारे ८०० फितींची मूळ निगेटिव्हे होती. मजुरांनी ते डबे भंगारात घातले नाहीत, म्हणून तो ठेवा वाचला. तज्ज्ञांनी पुढे वर्षानुवर्षे खपून त्या फिती दुरुस्त केल्या. आज त्या पाहताना अभ्यासकांना काय दिसते? गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत लहान मुले दिसतात. त्या काळी तेथे बारा वर्षांच्या मुलांना अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत घालण्याची कायदेशीर मुभा होती. कायद्याच्या पुस्तकात ते एक कलम आहे. फितीत ते डोक्याला फडके बांधून कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे पोर आहे. खेळवाल्याला फक्त तिकिटे खपवावयाची होती. त्याच्या हातून इतिहास लिहिला गेला तो नकळत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हेही ठाऊक आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी काय टिपले होते? कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ. रोज थोडी थोडी फीत फिरवून त्यांनी अंकुर फुटण्यापासून वेल वाढण्यापर्यंतचे सारे एका छोट्या चित्रात आणले आणि ते दाखवून भांडवल मिळविले. भारतीय चित्रपटाचे तारण म्हणून जे पहिल्यांदा ठेवले गेले ते घरच्या कुंडीतले रोप होते.

‘हरिश्चंद्रा’तील बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणीच्या बाजूला गेली होती. ढालतलवारी घेतलेली ती विचित्र वेषातली माणसे पाहून गावकऱ्यांनी त्यांना दरोडेखोर समजून पोलिसांना वर्दी दिली, अशी हकीकत सांगितली जाते. आपण ती ऐकून हसतो. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर ते शहाणपणाने वागले. आपल्या शिवारात परका माणूस कशासाठी आला आहे, हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. ज्या जागेचे चित्र घ्यावयाचे तेथल्या माणसाला आधी सांगावे, हा धडा चित्रपटाला पहिल्याच वर्षी मिळाला.

आणखी एक गोष्ट. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फितीला कडेने भोके पाडीत, फीत धुण्याची रसायने सांभाळीत, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत, आणि साऱ्या कामगारमंडळींचा स्वयंपाकही करीत. पडद्यावर त्या दिसल्या नाहीत. कोणत्याही चित्रणात जे दिसते त्यामागे असे न दिसणारे श्रम असतात.

फाळक्यांनी जे मुंबईत आणि नाशकात केले ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी केले, तेही निराळ्या रीतीने. बाबूराव मिस्त्री हे कारागिराच्या घरात १८९० साली जन्मले. कॉलेज नाही, कलाशाळा नाही. हातात घरचे कसब. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्या वेळच्या नाटकांत जंगलाचा पडदा, बागेचा पडदा, रस्त्याचा पडदा असे ठराविक पडदे असत. कोणत्याही नाटकातले जंगल म्हणजे तेच जंगल. ज्यांनी ही बाग कापडावर रंगविली त्यांनाच खरी बाग पडद्यावर आणण्याची ओढ लागली, यात नवल नाही. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांसह खटपट चालू ठेवली आणि कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला. लेथवर काम करणाऱ्या आमच्या उद्यमनगरातल्या कारागिराला ही गोष्ट सांगितली की त्याची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो याच स्मरणासाठी.

तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाचे पाठबळ दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, पुढे शांताराम अशी माणसे तेथे हाताने काम करून शिकली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. यानंतर पुराणांतले आणि इतिहासातले विषय झाले. आमच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचे वर्ष १९२५. त्या वर्षी बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या कागदात अडकते, जमीन जाते, आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, अशी ती कथा. तरुण शेतकऱ्याचे काम शांताराम यांनी केले होते.

या कथेमागे अर्ध्या शतकाचा इतिहास होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण दख्खनभर पसरले. सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तरी पाश सुटला नाही. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांच्या त्या काळात बाबूरावांनी झोपडी, शिवार आणि कर्जाचा कागद यांना पडद्यावर आणले. आमच्या चळवळीतल्या किती घरांची हीच कहाणी आहे! आज गिरणीत किंवा फाउंड्रीत असलेल्या माणसाचा आजा कोठल्या तरी शिवारातून उठून आलेला असतो, आणि ते शिवार कसे दिसत होते हे त्याच्या नातवाला ठाऊक नसते.

ते शिवार दाखविणारी १९२५ ची फीत आज उपलब्ध नाही. १९३६ साली हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा निघाली, परंतु अकरा वर्षांपूर्वीचे शिवार काही पुन्हा काढता येत नाही.

हे नुकसान कसे झाले ते समजून घेतले पाहिजे. पहिले कारण फितीच्या स्वभावातच होते. त्या काळची नायट्रेट फीत भयंकर ज्वालाग्राही. शिवाय नीट न ठेवल्यास ती चिकट होऊन शेवटी भुगा होते. दुसरे कारण पैशाचे. फितीवर चांदीचा अंश असतो. बोलपट आल्यावर मूकपटांना किंमत उरली नाही, तेव्हा कित्येक फिती चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. आपल्या देशात एक हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पुरे-अपुरे मिळून जे शिल्लक आहेत त्यांची संख्या अगदीच थोडी आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ साली. मूकपटांचे युग संपून तेव्हा तीस वर्षे लोटली होती. त्यातही ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि मोठा ठेवा जळाला.

तिसरे कारण तंत्राचे. १९३२ साली मराठी बोलपट सुरू झाला आणि कॅमेरा घरात गेला. ध्वनिमुद्रणाला शांतता लागते. बाहेर कावळा ओरडला, बैलगाडी खडखडली, की काम वाया. म्हणून स्टुडिओच्या भिंतींआड गाव बांधण्याची पद्धत पडली. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. तेथे ‘संत तुकारामा’साठी देहू गाव स्टुडिओतच उभे केले गेले. ती कारागिरी थोरच होती. पण खरे गाव त्यामुळे काही वर्षे कॅमेऱ्यासमोरून दूर झाले, हेही खरे.

आणि गंमत अशी की, पुढे स्टुडिओसुद्धा गावच्या मोकळ्या जागांप्रमाणेच वादात सापडले. कोल्हापुरातला कोरोनेशन स्टुडिओ पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ झाला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. त्याच जयप्रभाच्या जागेसाठी २०२२ साली कलावंतांना आणि नागरिकांना आंदोलनास बसावे लागले. जेथे गावोगावची चित्रे तयार झाली, त्या जागेचेच चित्र शोधण्याची वेळ आली.

इतका इतिहास सांगितला तो आजच्या एका कामासाठी. कॅमेरा आता मिचेल-केन्यनकडे राहिलेला नाही, बाबूरावांकडेही नाही. १९२३ साली सहज पेट न घेणारी १६ मिलिमीटरची फीत निघाली, १९३२ साली आठ मिलिमीटरची निघाली, आणि श्रीमंतांच्या घरी कॅमेरा आला. पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि लग्नाच्या निमित्ताने तो मध्यमवर्गात आणि कामगार वस्तीत शिरला. आता मोबाईलमुळे तो प्रत्येकाच्या खिशात आहे. ल्युमिएरच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हाती आज स्वतःचा कॅमेरा आहे. कारखान्यात आमच्यावर नजर ठेवणारे कॅमेरे पुष्कळ लागले आहेत. आमच्या नजरेने पाहणारा कॅमेराही आता आहे. त्याचे आपण काय करतो?

आमच्या कामातला एक अनुभव सांगतो. एका औद्योगिक वसाहतीशेजारच्या कामगार वस्तीत एक मोकळे मैदान होते. पार होता, पिंपळ होता, संध्याकाळी पोरे खेळत, आमच्या सभाही तेथेच होत. एके दिवशी तेथे तारेचे कुंपण पडले. वस्तीतली म्हातारी माणसे संबंधित कचेरीत गेली आणि म्हणाली, ‘‘साहेब, हे मैदान तीस वर्षांपासून आमच्या वापरात आहे.’’ उत्तर आले, ‘‘पुरावा काय?’’ तोंडी साक्षीला वजन नव्हते आणि नकाशा गहाळ झाला होता. शेवटी एका बाईंना आठवले की, १९९३ साली त्यांच्या नणंदेचे लग्न त्याच मैदानात मांडव घालून झाले होते आणि त्याची कॅसेट घरात आहे. कॅसेटला बुरशी चढली होती. गावातल्या एका जुन्या दुकानदाराने ती पुसून, साफ करून चालती केली. वरातीच्या मागे पार दिसत होता, पिंपळ दिसत होता, मैदानाची चारही टोके दिसत होती. पाटीवर तारीख होती. नव्याने मोजणी झाली. निम्मी जागा मोकळी राहिली, निम्मी गेली. ती निम्मी जागा नवरानवरीच्या मागे सहज टिपल्या गेलेल्या चित्राने वाचविली. कोणी मुद्दाम ठरवून चारही बाजूंनी चित्र घेऊन ठेवले असते तर कदाचित सारी वाचली असती.

म्हणून आमचे सांगणे आहे की, जे आजवर नकळत घडले ते आता जाणून करावे. त्यासाठी मोठे ज्ञान नको; थोडी शिस्त हवी.

पहिली गोष्ट, कॅमेरा स्थिर ठेवावा आणि घाई करू नये. ल्युमिएरचा कॅमेरा एका जागी पाऊण मिनिट उभा राहिला, म्हणून आपल्याला कारखान्याचे फाटक नीट पाहता येते. रंकाळ्याच्या काठी, पंचगंगेच्या घाटावर, बागेच्या दारात एका जागी उभे राहून दोन मिनिटे चित्र घ्यावे. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभे राहून पुन्हा घ्यावे. पाच वर्षांत त्याला जी किंमत येईल ती शंभर सुट्या चित्रांना येणार नाही.

दुसरी गोष्ट, स्वतःच्या तोंडाने जागा, तारीख आणि वेळ सांगावी. २००५, २०१९ आणि २०२१ या साली पंचगंगेला महापूर आला. त्यातल्या शेवटच्या दोन पुरांत हजारो लोकांनी मोबाईलवर चित्रे घेतली. आज त्यांतली किती चित्रे कोणत्या गल्लीतली, कोणत्या दिवशीची म्हणून सांगता येतील? पाण्याची रेघ कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत होती, हे पुढच्या पुराआधी कळणे गावाच्या जीवाशी संबंधित आहे.

तिसरी गोष्ट, झाडाबरोबर झाडाला पाणी घालणाराही चित्रात यावा. बागेतला माळी, पहाटे रस्ता झाडणारी बाई, तळ्यातली जलपर्णी काढणारे मजूर यांच्यावाचून बाग म्हणजे नाटकातला बागेचा पडदा होय. मात्र त्यांना आधी विचारावे, चित्र कशासाठी हवे ते सांगावे, आणि नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा. घाटावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्यांची पोरे ही तर विचारल्यावाचून टिपण्याची गोष्टच नव्हे. ज्याचे चित्र घेतले त्याला ते दाखवावे. मिचेल-केन्यनच्या तंबूत गाव स्वतःला पाहावयास जमत होते. आपल्या तालमीच्या किंवा तरुण मंडळाच्या भिंतीवर तसा पडदा लावावयास काय अडचण आहे?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जपणूक. मोबाईल बदलला की चित्रे गेली, हे आपण सारे भोगतो. नायट्रेटची फीत जळत होती. आजची चित्रे न जळताच नाहीशी होतात. म्हणून निवडक चित्रांच्या तीन प्रती कराव्यात. एक घरी, एक दुसऱ्या कोणाच्या घरी आणि एक सार्वजनिक ठिकाणी ठेवावी. गावातल्या वाचनालयाने पुस्तकांच्या कपाटाशेजारी याही संग्रहाला जागा द्यावी, नोंदवही ठेवावी आणि मागेल त्याला दाखवावे. हे काम एकट्या हौशी माणसाचे नाही. संघटनेचे काम जसे वर्गणीने, पाळीने आणि चोख हिशेबाने चालते, तसेच हेही चालले पाहिजे.

कोणी विचारील की, एवढे करून बागा वाचतील काय? केवळ चित्राने बाग वाचत नाही. ती माणसांच्या एकजुटीने वाचते. परंतु एकजुटीने उभे राहणाऱ्या माणसाच्या हाती कागद असावा लागतो, हे चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हजेरीपत्रक नसेल तर नोकरी सिद्ध होत नाही, आणि पगाराची पावती नसेल तर फंड मिळत नाही. गावच्या मोकळ्या जागेचे हजेरीपत्रक आजवर कोणी ठेवले नाही. ते ठेवण्याचे साधन आता आपल्या खिशात आहे.

या व्याख्यानमालेला येणाऱ्या तरुण श्रोत्यांना आमची एवढीच विनंती आहे की, पुढच्या वसंतात येथे जमण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पेठेतली एक मोकळी जागा निवडून तिचे दोन मिनिटांचे चित्र घ्यावे, त्यावर जागेचे नाव, तारीख आणि तेथे राबणाऱ्या माणसांची त्यांनी सांगितलेली नावे नोंदवावीत आणि ते वाचनालयात नेऊन द्यावे. नोंदवहीचा पहिला रकाना आखून देण्याचे काम आमची संघटना करील.